मुलगी पाहायला गेलेले प्राध्यापक

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजातले प्राध्यापक फिरतीवर निघतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, ह्यांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या. कसल्या सुट्ट्या? दोघादोघांच्या जोड्या लावून आम्हाला गावं वाटून दिली जातात आणि आम्ही दारोदार फिरून पोरं मागतो. ‘मागतो’ हाच शब्द खरा आहे, उगाच ‘जनसंपर्क’ वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. खांद्याला माहितीपत्रकांची पिशवी, डोक्यावर ऊन, आणि तोंडात एकच वाक्य: मुलगा बारावी झाला ना, मग आमच्याकडेच टाका. मी गणित शिकवते. राहते नाशकात, कॉलेज निफाड तालुक्यात. आयुष्याची निम्मी वर्षं त्या एका रस्त्यावर गेली म्हटलं तरी चालेल.

मी नोकरीला लागले तेव्हा बी.एस्सी.च्या गणिताच्या वर्गात मुलांना बाकं पुरत नसत. उशिरा आलेला खिडकीत बसायचा. मुली असायच्या त्या दोघी-तिघी, पहिल्या बाकावर, अंग चोरून. त्यातली एखादी दिवाळीनंतर दिसेनाशी व्हायची आणि मैत्रिणी सांगायच्या, मॅडम, तिचं जमलं. मग हळूहळू सगळं फिरलं. नाशिकच्या चारही बाजूंना इंजिनिअरिंगची कॉलेजं निघाली, मुलगे तिकडे गेले. कोणी फार्मसीला गेले, कोणी आयटीआय करून सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागले, कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळायला लागले, कोणी बापाबरोबर द्राक्षबागेत उतरले. मुलींना मात्र घरून एवढीच परवानगी होती की एस.टी.ने जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. तेवढ्या परवानगीत बसणारं कॉलेज आमचं. त्या येत गेल्या आणि वर्ग त्यांनी भरत गेले. शहाणी माणसं ह्याचे आलेख काढतात, त्यावर चर्चासत्रं घेतात. मी चर्चासत्रांना जाते, जेवण बरं असतं. पण कळायचं ते मला कॉलेजच्या पार्किंगमध्येच कळलं होतं. मोटारसायकली कमी होत गेल्या नि स्कूट्यांना जागा पुरेना.

आता तुम्ही म्हणाल, मग बाई रडते कशाला, मुली तर येतायत. येतायत हो, पण माझ्याकडे नाही. नव्या धोरणात मुलांनी आल्या आल्या मुख्य विषय निवडायचा असतो, आणि सगळ्यांचा ओढा केमिस्ट्रीकडे. एका वर्षी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. आमचे प्राचार्य चहा मागवतात म्हणजे बातमी वाईट असते. म्हणाले, “मॅडम, यंदा पहिल्या वर्षाला गणित घेणारे ठरलेल्या आकड्याइतके झाले नाहीत, तर मुख्य विषय म्हणून गणित बंद करावं लागेल. वरूनच तसं आलंय.”

मी म्हटलं, “मग मी काय करू? बाकीच्यांना पाढे शिकवू?”

“तुमची नोकरी कुठे जात नाही, मॅडम. तुम्ही काळजी करू नका.”

जशी काही मी नोकरीची चौकशी करत होते! माझा वर्ग बंद व्हायला आलाय आणि हे मला पगाराचा दिलासा देतायत. चहा तसाच ठेवून मी उठले. दुसऱ्या दिवशी मोहिमेच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर घालायला सांगितलं. म्हटलं, पोरं येत नाहीत ना, मग मी जाते.

जोडीला माझ्या नशिबी केमिस्ट्रीचे सर आले. ह्यांचा वर्ग इतका भरलेला की ह्यांना मोहिमेची गरजच नाही, पण गाडी ह्यांची होती. सर वणीकडचे, स्वभावाने गरीब, कोणाला नाही म्हणायचं ठाऊक नाही, आणि खाण्याचे शौकीन. त्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि मी चांगली किनारीची साडी नेसले होते, कारण गावात कॉलेजचं नाव घेऊन जायचं तर माणसाने बऱ्यापैकी दिसावं. दोघांचीही पन्नाशी उलटलेली, दोघांचेही केस कानावर पांढरे. हे सगळं सांगते आहे कारण पुढे झालं त्यात आमच्या ह्या अवताराचा मोठा हात आहे.

दुपारपर्यंत आमची झोळी रिकामीच. एका घरी मुलगा इंजिनिअरिंगला गेलेला. दुसऱ्या घरी बाप म्हणाला, “पोरगं बागेत हाय, बोलावू का? पण त्यो काय आता शिकत नाय.” तिसऱ्या घरी कुत्रं. उन्हाने माझं डोकं चढलं होतं, तरी सर आपले रसवंती दिसली की गाडी हळू करत होते. आमच्याकडच्या यादीत शेवटचं नाव एका मुलीचं होतं, बारावी सायन्स, गाव सोडून मळ्यात घर. मी म्हटलं, तेवढं उरकू आणि जाऊ.

मळ्यात नवा बंगला होता, भोवती द्राक्षबाग, छाटणीनंतरच्या फुटी चांगल्या वर आलेल्या. आमची गाडी अंगणात शिरली तशी आत एकदम धावपळ ऐकू आली. घराचे मालक, म्हणजे मुलीचे वडील, टोपी सारखी करत लगबगीने सामोरे आले. “या, या. लवकरच आले तुम्ही. रस्ता सापडला ना?”

“सापडला की,” सर म्हणाले आणि हळूच माझ्याकडे वळून, “बघा मॅडम, ह्याला म्हणतात कॉलेजची इज्जत.”

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दिवसभरात पहिल्यांदा कोणी ‘या’ म्हणत होतं. आम्हाला कूलरसमोर सोफ्यावर बसवलं. मुलीची आई पाणी घेऊन आली, डोक्यावरचा पदर सावरत मला “बसा ताई, निवांत बसा” म्हणाली. वडिलांनी विचारलं, “मुलगा नाय आला?”

आता सरांना वाटलं, हे आपल्या घरची चौकशी करतायत. ते म्हणाले, “नाही, तो पुण्याला असतो. कंपनीत आहे. त्याला कुठली सुट्टी मिळायला?”

“पुण्याला? आम्हाला वाटलं इथं जवळच हाय, दिंडोरीकडं.”

“होता आधी. आता तिकडे गेला,” सर म्हणाले. त्यांचा मुलगा खरंच आधी दिंडोरीच्या रस्त्यावर एका कंपनीत होता, त्यामुळे त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

मग मुलगी आली. साडी नेसलेली, हातात पोह्यांचा ट्रे. बारावी झालेली पोर दुपारच्या उन्हात साडीत पाहून मला नवल वाटलं, पण म्हटलं असेल घरात काही कार्य. तिने आम्हाला बशा दिल्या, वाकून नमस्कार केला आणि समोरच्या खुर्चीवर खाली मान घालून बसली. वडील म्हणाले, “विचारा काय विचारायचं ते.”

इतका नीट प्रसंग मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. एरवी मुलं आईच्या मागून डोकावतात, बाप फोनवर असतो. मी सरसावून बसले. “बारावीला गणित होतं का?”

“होतं.”

“किती पडले?”

तिने सांगितलं. मी बशी खाली ठेवली. असे मार्क आमच्याकडे येणाऱ्या मुलांना पडत नाहीत हो. पडले तर ती आमच्याकडे येत नाहीत. मी विचारलं, “डेरिव्हेटिव्ह आवडतं की इंटिग्रेशन?”

तिने पहिल्यांदाच मान वर केली. “इंटिग्रेशन.”

“का गं?”

“त्यात डोकं लावायला लागतं. दुसरं काय, नियम लावला की सुटतं.”

मला तर ती पोर उचलून गाडीत घालावी असं झालं. मुलीची आई दारातून म्हणाली, “ताई, स्वयंपाक पण सगळा येतो तिला. पुरणपोळी एकटी करते.”

“स्वयंपाकाचं आम्हाला काय करायचंय?” मी म्हटलं. “डोकं आहे ना पोरीला, झालं तर मग.”

आई-वडिलांनी एकमेकांकडे असं काही पाहिलं, जणू त्यांचं भाग्यच उजळलं. वडिलांचे तर डोळे पाणावल्यासारखे वाटले. मी आपली पुढे, “हे बघा, आमच्याकडे तिला काही कमी पडायचं नाही. सकाळी बसने यायचं, चारला मोकळी.”

“बसनं?” वडील म्हणाले. “रोज?”

सरांनी तेवढ्यात पिशवीतून माहितीपत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. वडिलांनी चष्मा लावला. पहिल्या पानावर कॉलेजच्या इमारतीचा फोटो. दुसऱ्या पानावर प्राचार्यांचा. त्यांनी पान उलटलं, परत मागे आले, मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

“तुम्ही मुलाकडचे नाय?”

“कुठल्या मुलाकडचे?” मी म्हटलं.

मग सगळा उलगडा झाला. मध्यस्थाने त्यांना सांगितलं होतं की मुलाचे आई-वडील येतील, आणि मोबाइलवर फोटो आला होता तो फक्त मुलाचा. गाडीतून उतरलेले, कानावर केस पिकलेले, बरे कपडे घातलेले स्त्री-पुरुष म्हटल्यावर त्यांनी दुसरं काय समजायचं? आईने पदर तोंडाला लावला. वडील लालबुंद. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी मात्र बशी हातातून सोडली नाही. आणि ती मुलगी, इतका वेळ मान खाली घालून बसलेली, तिला हसू आवरेना. ती हसली तसे सगळेच सुटलो.

मी उठले, माफी मागितली, पिशवी उचलली. तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला. खरे पाहुणे फाट्यावर आले होते. वडील आडवे आले. “आता जाऊ नका, मॅडम. तुमची गाडी बाहेर पडताना त्यांना दिसली तर म्हणतील, ह्यांनी एकाच दिवशी दुसरं स्थळ पण बोलावलं होतं. आमच्याकडं ते बरं दिसत नाय. बसा, घरच्यासारखं बसा.” म्हणजे मघाशी पाहुणे म्हणून बसलो होतो, आता पाहुणे नाही हे दाखवायला बसायचं. सर लगेच बसले. त्यांना दुसऱ्यांदा पोहे मिळणार होते.

मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. मुलगी ओट्याशी नव्या पोह्यांना कोथिंबीर चिरत होती. मी सरळच विचारलं, “तुला शिकायचंय का?”

“शिकायचंय, मॅडम.”

“घरच्यांना सांगितलंस?”

“सांगितलं. पप्पा म्हणतात, चांगलं स्थळ आलंय, परत येईल न येईल. सासरी जाऊन शीक म्हणतात.” ती चिरायची थांबली. “सासरी जाऊन कोण शिकतं? माझी बहीण पण तेच ऐकून गेली.”

मी पाण्याचा ग्लास ओट्यावर ठेवला. तीच म्हणाली, “पाहुण्यांसमोर तुम्ही कशाला आल्या ते सांगाल का? खरं तेच सांगा. पप्पा नाय सांगायचे.”

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. पण कारभार सगळा आईच्या हातात, हे ती पायरी चढतानाच कळलं. खणखणीत आवाजाची, ठसठशीत कुंकवाची बाई. बसल्या बसल्या तिने माझ्याकडे बोट केलं. “ह्या कोण?”

वडील चाचरले. मी म्हटलं, “मी कॉलेजात गणित शिकवते. ही मुलगी फार हुशार आहे. तिने आमच्याकडे बी.एस्सी.ला यावं म्हणून सांगायला आलो आहोत.”

बाई माझ्याकडे पाहत राहिली. “म्हणजे प्राध्यापक लोक घरी येतात पोरीला न्यायला?”

“येतात,” मी ठणकावून सांगितलं. दारोदार फिरतो हे तिला कशाला सांगू? मला वाटलं, आता ही बाई विचार करेल, म्हणेल, शिकू द्या मग पोरीला.

कशात काय अन् फाटक्यात पाय. बाईने मुलीला नखशिखान्त पाहिलं, पण आता वेगळ्या नजरेने पाहिलं. जिच्यासाठी दोन-दोन प्राध्यापक गाडी करून येतात ती पोर साधीसुधी नाही, हे तिने हेरलं. एरवी दोन दिवसांनी निरोप पाठवायची रीत, पण तिने तिथेच नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि जाहीर केलं, “आम्हाला पसंत हाय. तुळशीचं लग्न झालं की बार उडवून देऊ.” मुलगा लाजला. मुलीच्या वडिलांनी हात जोडले. मुलीकडे मी पाहिलं नाही, मला बघवलं नाही.

परतीच्या वाटेवर मी कोणावर म्हणून चिडले नाही? सरांवर, प्राचार्यांवर, वरून येणाऱ्या आकड्यावर, सगळ्यात जास्त स्वतःवर. गेलो होतो पोर आणायला आणि आलो तिचं लग्न लावून. आम्ही गेलो नसतो तर कदाचित त्या बाईने नाकं मुरडली असती, निरोप लांबला असता, पोरीला थोडी सवड तरी मिळाली असती. डोळ्यांत पाणी आलं तर ते उन्हामुळे असं मी सरांना सांगितलं. निफाड मागे पडल्यावर ते बिचारे म्हणाले, “मॅडम, वाईट झालं. पोहे मात्र चांगले होते.” मी त्यांच्याशी घरापर्यंत बोलले नाही.

ॲडमिशनची शेवटची तारीख आली. माझ्या विषयाला नावं लागली होती, पण ठरलेल्या आकड्याला एक नाव कमी पडत होतं. दुपारी मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते तर दारात ती मुलगी आणि मागे तिचे वडील. मुलगी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, खांद्याला सॅक. मी डबा तसाच बंद केला.

वडील खुर्चीच्या कडेला टेकले. “मॅडम, दोन दिवस झाले, ही जेवत नाय नीट. म्हणती, तीन वर्षं शिकणार, मग लग्न. तिकडचे म्हणतात, तुळशीच्या लग्नानंतर. मी मधल्या मध्ये. मुलगा नोकरीला हाय, घरी बाग हाय, माणसं चांगली. हातचं सोडावं का? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगाल तसं करतो.”

आता बघा, माझ्यासारख्या बाईला हे विचारणं म्हणजे मांजराला दुधाबद्दल विचारणं. मी ते त्यांना सांगितलंच. म्हटलं, “मला विचारू नका. माझा वर्ग बंद पडायला आलाय. मला ही मुलगी माझ्या वर्गात पाहिजे. मी सांगेन ते माझ्या फायद्याचं असेल. तिलाच विचारा.”

ते मुलीकडे वळले. “मग तू सांग. हे स्थळ गेल्यावर परत असं येईल?”

मुलगी उभीच होती. शांतपणे म्हणाली, “पप्पा, इथं बाहेर बघा जरा. कॉलेजात सगळ्या पोरी हाय. आन् आपल्या गावात बघा, लग्नाची पोरंच पोरं. पारावर बसलेत सगळे. काकांच्या दोघांना किती वर्षं झाली बघताय? पोरी मिळत नाय म्हणून तुम्हीच बोलता ना रोज? मग घाई कुणाला पाहिजे? घाई त्यांना हाय. आपल्याला काय घाई?”

वडील उठून खिडकीशी गेले. मधली सुट्टी होती. पटांगणात मुलीच मुली, डबे खात, मोबाइलमध्ये डोकी घालून, एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत. मुलगे होते थोडेफार, कडेकडेने, भिंतीला टेकून. मी तिशीत होते तेव्हा ह्याच पटांगणात मुली अशा भिंतीला टेकून उभ्या असत. एवढे आलेख पाहिले, एवढी चर्चासत्रं ऐकली, पण ह्या सगळ्याचा एका घरातल्या एका मुलीला काय उपयोग, हे मला त्या खिडकीपाशी पहिल्यांदा दिसलं.

वडिलांनी तिथूनच फोन लावला. “हां, राम राम. पोरगी तीन वर्षं शिकणार म्हणती.” पलीकडून बराच वेळ काहीतरी खणखणीत ऐकू येत होतं, म्हणजे फोनवर कोण होतं ते कळलंच. वडील ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “नाय, आमचं ठरलंय. तुम्ही थांबले तर आनंद हाय. नाय थांबले तर तुमचं तुम्ही बघा.” फोन खिशात टाकला, कपाळ पुसलं. “विचार करून कळवतो म्हणाल्या. चल, कुठं सही करायची ते दाखव.”

मी स्वतः तिला ऑफिसात घेऊन गेले. छाती अशी भरून आली होती की विचारू नका. मुख्य विषय कोणता, असं क्लार्कने विचारलं, तेव्हा मी कौतुकाने तिच्याकडे पाहत होते.

“केमिस्ट्री,” ती म्हणाली.

मला वाटलं माझे कान गेले. “अगं, इंटिग्रेशन म्हणालीस ना? डोकं लावायला लागतं म्हणालीस ना?”

“गणित मला येतं, मॅडम. ते मी दुसरा विषय म्हणून घेते, तुमच्याकडंच येणार हाय. पण आमच्याकडं माल बाहेरच्या देशात पाठवायचा तर आधी द्राक्षांचा नमुना लॅबमध्ये जातो, फवारलेल्या औषधाचा अंश राहिलाय का बघायला. पप्पांचा दोन दिवस जीव टांगणीला असतो. नमुना तिथं कोण तपासतं ते बघायला मी एकदा गेले होते. सगळ्या बायका होत्या, पांढऱ्या कोटातल्या. मला तिथं बसायचंय.”

तेल गेलं, तूप गेलं. आणि वर ऐकायला मिळालं की केमिस्ट्रीच्या जागा भरल्या. मग मात्र माझं टाळकं सरकलं. मी सरांना शोधून काढलं, कँटीनमध्ये मिसळ खात होते. म्हटलं, “त्या घरचे पोहे दोनदा खाल्लेत. आता तिला बसवा.” सर म्हणाले, “मॅडम, जागा नाहीत.” मी म्हटलं, “जागा नाही तर माझ्या विषयातून देते, माझ्याकडे रिकाम्याच पडल्यात.” असं काही करता येत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण सर उठले. एका मुलाने नाव काढून घेतलं होतं, इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून. ती जागा तिला मिळाली. मी घरी जाऊन रडले आणि रडून झाल्यावर मला फार बरं वाटलं. पोर कॉलेजात आली होती. माझ्या वर्गाचं काय व्हायचं ते होवो.

दरवर्षीप्रमाणे तारीख वाढली. त्या वाढीव मुदतीत एका सकाळी शिपाई सांगत आला, मॅडम, तुम्हाला कोणी बाई भेटायला आल्यात. बाहेर आले तर मुलाची आई. तीच. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज. मी मनात म्हटलं, आली भांडायला. मीही पदर खोचला. लग्न मोडलं म्हणून ही मला चार शब्द सुनावणार आणि मी तिला आठ.

“तुमच्यामुळं आम्हाला तीन वर्षं थांबायला लागतंय,” बाई म्हणाली.

“थांबणार आहात?”

“मग काय करता? पोरगा म्हणतो, हीच पाहिजे. दुसरीकडं विचारावं तर तिथल्या पोरी पण तेच म्हणतात, आधी आमचं शिक्षण. उतावळा नवरा आन् गुडघ्याला बाशिंग, अशी गत झालीय आमची.” ती बाकावर बसली, घाम पुसला. मग मागे वळून हाक मारली, “ये गं पुढं.”

खांबामागून एक मुलगी पुढे आली. शाळेतल्यासारख्या दोन वेण्या, हातात बारावीचा निकाल.

“ही माझी धाकटी. हिला पण आत्तापासून लोक बघायला यायला लागलेत. रोज एक फोन. त्या दिवशी सुनेचा बाप मला काय म्हणाला माहितीय? तुमचं तुम्ही बघा म्हणाला. आयुष्यात मुलीच्या बापानं मुलाच्या आईला असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. लय राग आला. रात्रभर विचार केला, मग म्हटलं, हे मला पण बोलता यायला पाहिजे.” बाईने आवाज पहिल्यांदाच खाली घेतला. “हिला घ्या तुमच्याकडं.”

“घेते की. कोणता विषय द्यायचा?”

“कोणताबी द्या, मॅडम. मला त्यातलं काय कळतं? फक्त ज्याला सगळ्यात जास्त वर्षं लागतात तो द्या.”

मी त्या मुलीकडे वळले. “गणित आवडतं का गं तुला?”

तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “येतं बऱ्यापैकी. आवडतं का, ते अजून कुणी विचारलं नव्हतं.” थोडं थांबून म्हणाली, “आवडतं.”

“मग गणित,” मी तिच्या आईला सांगितलं. “ह्याला लागतात सगळ्यात जास्त वर्षं. माझी अजून चालूच आहेत.” बाईने समाधानाने मान हलवली, आणि त्या वर्षी माझा वर्ग उघडला.